माय पुनाले गई

"मॅडम, कविता म्हणायचे किती घेता?"

फोनवर हा प्रश्न आला की मी पंख्याकडे बघते. बारा वर्षं हेच करते आहे, नोकरी म्हणून दुसरं काही नाही, तरी आकडा ओठांवर यायला वेळ लागतो. रावेरच्या केळीचा भाव रोज निघतो. जळगावच्या सराफ बाजारात सोन्याचा भाव पाटीवर बदलत राहतो. माझा भाव समोरचा माणूस कोणत्या आवाजात बोलतो त्यावर ठरतो. "आमचं बजेट तसं नाही, पण पोरांसाठी करा," असं कोणी म्हटलं की मी निम्म्यावर येते. "आमच्याकडे मोठमोठे कवी येऊन गेलेत," असं ऐकलं की चिडून पाचशे वाढवते. ते पाचशे आजवर कोणी दिलेले नाहीत.

निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे काय छापायचं हाही घोळ असतो. कधी 'सुप्रसिद्ध कवयित्री', कधी 'साधनव्यक्ती', एकदा तर 'कविता कलाकार'. आईच्या ओळखीतल्या बायकांना ती सांगते, "मन्ही पोर बोलानं काम करस." म्हणजे माझी मुलगी बोलण्याचं काम करते. मला विचाराल तर हे वर्णन सगळ्यांत जवळचं आहे.

एका कॉलेजात दिवसभराची कार्यशाळा ठरली. तारीख पक्की, विषय पक्का. मग ऑफिसातल्या क्लार्कभाऊंचा फोन. "मॅडम, तुमचं कोटेशन लागेल. आणि अजून दोघांचं पण आणा. तीन लागतात, नाहीतर ऑडिटला अडकतं." मी म्हटलं, भाऊ, कवितेला तीन कोटेशन कुठून आणू? ते शांतपणे म्हणाले, "खुर्च्यांना आणतातच ना मॅडम." मग मी माझ्या दोन कवी मित्रांना विनवणी केली की बाबांनो, माझ्यापेक्षा जास्त लिहून द्या. एकाने दिलं. दुसऱ्याने माझ्यापेक्षा पाचशे कमी लावले आणि काम त्याला मिळालं. अजून आमची दोस्ती आहे, पण त्या कोटेशनची प्रत मी जपून ठेवली आहे. त्यात त्याने लिहिलंय: 'काव्यवाचन व मार्गदर्शन, १ नग.'

पाच हजारांच्या वर रोख दिली की पावतीवर एक रुपयाचं महसुली तिकीट लागतं. ते नेमकं कार्यक्रम संपल्यावर आठवतं, तेव्हा पोस्ट बंद झालेलं असतं. म्हणून माझ्या पर्समध्ये कंगव्याशेजारी तिकिटांची पट्टी असते. सुरुवातीला याची लाज वाटायची. आता वाटत नाही. एका संस्थेने मानधन सात महिन्यांनी दिलं, तेही 'तिकीट लावून पावती आणा' म्हणून परत पाठवून, तेव्हापासून.

शालींचं काय करतात असं लोक हसत विचारतात. आमच्या घरी शालींची एक वेगळी पेटी आहे. जी जरा बरी, ती लग्नात आहेर म्हणून फिरते; फिरत फिरत एखादी परत माझ्याच खांद्यावर येते. एकदा मी तिला काठावरच्या डागावरून ओळखलं होतं. नारळांच्या वड्या होतात. पुष्पगुच्छ मी एसटीत शेजारी बसलेल्या बाईला देऊन टाकते. पाकीट मात्र बसस्थानकावर बसूनच उघडते, व्यासपीठामागे कधीच नाही. पाचशे एक, अकराशे एक, क्वचित एकवीसशे. वरचा रुपया पाकिटाला चिकटवलेला असतो, तो नखाने खरवडून काढावा लागतो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा माझ्या धंद्याला झालेला फायदा कोणत्याही साहित्य संस्थेने आजवर करून दिलेला नाही, हे मला नोंदवून ठेवायचंय.

या धंद्याला हंगाम असतो. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला सुरुवात होते. मग बालदिन, ३ जानेवारीची सावित्रीमाई, गॅदरिंगं, जानेवारीतला मराठी भाषा पंधरवडा. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी मला तीन-तीन ठिकाणांहून बोलावणं असतं. २८ तारखेला कोणी विचारत नाही. महिला दिनाला एक शेवटची सर येते आणि मग उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, दुपारी कुत्रं रस्त्यावर दिसत नाही, कवितेला कोण येणार? तेव्हा मी शिकवण्या घेते, लोकांच्या मुलांची भाषणं लिहून देते, लग्नात सूत्रसंचालन करते. मंगलाष्टकंही रचली आहेत. नवऱ्या मुलाचं आडनाव वृत्तात बसत नव्हतं म्हणून मुलीकडच्यांशी वाद झाला होता, पण ते राहू द्या.

मी राहते अमळनेरला. २०२४ च्या फेब्रुवारीत इथे ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, १९५२ नंतर पहिल्यांदाच. त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही इथेच. त्या तीन दिवसांत रिक्षावाले खांद्यावर झोळी दिसली की भाडं न विचारता मांडवाकडे वळवत. एरवी आमचं गाव सानेगुरुजींच्या आठवणीवर आणि मंगळ ग्रहाच्या मंदिरावर चालतं. पण खानदेशात कविता कानांनी ऐकायची सवय जुनी आहे. जळगावात १९०७ साली कविसंमेलन भरलं होतं, तिथे धरणगावच्या सोळा-सतरा वर्षांच्या ठोंबरे नावाच्या मुलाने कविता म्हटल्या आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. म्हणजे ते नाव त्याला छापलेल्या पुस्तकावरून मिळालं नाही, लोकांसमोर उभं राहून म्हटल्यावर मिळालं. मानधन मिळालं का, हे कुठे वाचनात आलेलं नाही. अकरा वर्षांनी तो भादलीजवळ रेल्वेखाली गेला. सुरत लाइनवरून भुसावळकडे जाताना जळगाव सुटलं की भादली येतं. गाडी तिथे थांबो न थांबो, मी खिडकीबाहेर बघतेच.

आणि बहिणाबाई. असोद्याची ही लेक लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती. जात्यावर, वावरात, चुलीपुढे जे सुचलं ते तिने म्हटलं. ऐकणाऱ्यांनी, म्हणजे मुलगा सोपानदेव आणि घरातल्या इतरांनी, उतरवून घेतलं. १९५१ च्या डिसेंबरात ती गेली आणि पुस्तक आलं १९५२ मध्ये. आपण छापलेल्या पानावरून तिला शिकतो-शिकवतो. ती स्वतः मात्र शेवटपर्यंत पानाबाहेरच राहिली. माझ्या कामाला कोणी "हे काय नवीन खूळ, उभं राहून हातवारे करत कविता म्हणायची" असं म्हटलं की मी तिचं नाव घेते. जरा मोठा आधार घेते, कबूल आहे. तिच्या आणि माझ्यात एक फरक आहे. तिला कोणाला हसवायचं नव्हतं.

मला हसवायचं होतं.

झालं असं की, माझा भाऊ चाकणच्या कंपनीत लागला, त्याने पुण्यात फ्लॅट घेतला आणि माय पहिल्यांदा त्याच्याकडे गेली. सोबत भरिताची वांगी, बिबडे, कळण्याचं पीठ, लोणच्याचा डबा. परत आल्यावर भावाने फोनवर मला किस्से सांगितले. वॉचमनने तिला अडवलं. मॉलच्या सरकत्या जिन्यावर तिने चप्पल काढून हातात घेतली. आणि लिफ्टमध्ये शिरली ती बाहेरच येईना, दोन-तीनदा वर-खाली करत राहिली, शेवटी वॉचमनने काढलं. मी हसून हसून लोळले आणि त्याच रात्री अहिराणीत लिहायला बसले. 'माय पुनाले गई.' सात मिनिटांची कविता.

पहिल्यांदा एका गणेशोत्सवात म्हटली. समोर पत्र्याचा मांडव, मागे जनरेटरची घरघर, माईक असा की 'भ' म्हटलं की फटाका फुटल्यासारखा आवाज. अहिराणीत 'भ' फार. भो, भाकर, भरीत. मी माईक हनुवटीखाली चार बोटं लांब धरला आणि पहिली ओळ टाकली. समोरच्या सतरंजीवरून हशा उठला तो मागच्या मोटारसायकलींपर्यंत गेला. त्या रात्री मी या कामातली सगळ्यांत उपयोगाची गोष्ट शिकले: हशा चढत असताना थांबायचं, उतरायला लागला की पुढची ओळ टाकायची, पूर्ण उतरू द्यायचा नाही. पूर्ण उतरला की लोक पाणी प्यायला उठतात.

'माय'ने मला सात वर्षं पोसलं. लोक माझ्या बाकीच्या कविता ऐकून घेत, म्हणजे जेवणाआधी हात धुतात तशा, आणि मग मागून आवाज येई, "आते मायवाली होऊ द्या ताई!" कोणीतरी व्हिडिओ टाकला, तो फिरला. सुरतेहून बोलावणं आलं, तिथे खानदेशी माणूस भरपूर. मी लुगड्याचा पदर डोक्यावर घ्यायचे, डोळे मोठे करायचे, लिफ्टचं दार उघडलं की "व माय वं!" म्हणून किंचाळायचे. मायने स्वतः तो व्हिडिओ बघितला. ती हसली, चांगलं खदखदून हसली, शेजारणींना बोलावून दाखवला. फक्त शेवटी एवढंच म्हणाली, "पन मी घाबरनू नई व्हतू." मी म्हटलं, अगं कवितेत थोडं वाढवावं लागतं. ती म्हणाली, बरं.

आता कार्यशाळेबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट तिथे घडली.

स्टेजवर मला बोलायचे पैसे मिळतात. कार्यशाळेत मात्र काम गप्प बसण्याचं असतं, आणि ते मला जास्त जड जातं. चाळीस-पन्नास पोरं, दोन तास, एक घामेजलेला वर्ग. पहिली वीस मिनिटं मी पेन्सिल हातात घेऊ देत नाही. आधी डोळे मिटून घरचे आवाज गोळा करायचे. कोणी म्हणतं विळ्याचा, कोणी मोटर सुरू झाल्याचा, कोणी बापाच्या खोकल्याचा. मग दोघा-दोघांना समोरासमोर बसवून खोटं जातं ओढायला लावते. एका फेऱ्यात जेवढे शब्द मावतील तेवढीच ओळ. ज्या पोराने आयुष्यात जातं पाहिलेलं नाही त्याच्याही ओळीला तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यात ठेका सापडतो. हे का होतं मला नीट सांगता येत नाही. खांद्याला ते आधीच माहीत असावं.

मग फळ्याचा खेळ. मी लिहिते: शाळा, केळी, डोळा, काळा, फळ. विचारते, घरी काय म्हणता? आधी शांतता. मग मागच्या बाकावरून हळूच, "शाया." वर्ग फुटतो. केयी, डोया, काया, फय. आमच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, पण नियम तोंडपाठ असतो. बहिणाबाईंची बोली आमच्या अहिराणीपेक्षा वेगळी, लेवा लोकांची. पण डोळ्याला डोया तीही म्हणते. पाठ्यपुस्तकात तिची कविता येते तेव्हा हाच शब्द 'बरोबर' असतो आणि निबंधात लिहिला की त्याखाली लाल रेघ. पोरांना हे सांगितलं की ती एकमेकांकडे बघतात. शिक्षक माझ्याकडे बघतात. एकदा एका सरांनी बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, खेळ छान आहे, पण परीक्षेत असं लिहून बसतील हो." त्यांची काळजी खोटी नव्हती. पेपर तेच तपासणार होते.

डिसेंबरातली गोष्ट. कापसाच्या पट्ट्यातलं गाव, नाव लिहीत नाही. सातवी-आठवीचा वर्ग, पट साठचा आणि हजर चौतीस. बाकीची वेचणीला. वेचणी किलोवर असते, त्यामुळे घरातले जेवढे हात वावरात तेवढं बरं. जी आली होती त्यांच्याही बोटांवर बारीक ओरखडे होते. बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात, कापूस ओढताना नखाच्या मुळाशी घुसतात.

सरांनी आल्या आल्या सांगितलं, "मॅडम, आधी ते मायवालं होऊन जाऊ द्या. पोरं मोकळी होतील." मला ते पटलं. खरं तर बरं वाटलं. सकाळची थंडी, चेहरे बंद, आणि माझ्याकडे सात वर्षं एकदाही न फसलेली चीज. मी ओढणी डोक्यावर घेतली आणि सुरू केलं. पोरं बाकांवर पालथी पडली. सर दारात उभं राहून डोळे पुसत होते. एक पोरगा तर दिवसभर मला बघून "व माय वं" म्हणत राहिला.

मग आवाज, मग जातं, मग फळा. सगळं झकास चाललं. शेवटी लिहायला दिलं: घरातल्या एका माणसाचे हात. जी बोली तोंडात येईल तिच्यात लिहा.

दुसऱ्या रांगेत खिडकीशी एक मुलगी होती. तिचं खोडणं-लिहिणं मी मघापासून बघत होते. पाठीमागून जाताना कागदावर 'मायना' हा शब्द दिसला. वाचायची वेळ आली तेव्हा तिने उभं राहून पावसावर चार ओळी म्हटल्या. प्रमाण मराठीत, यमक जुळवून, पाठ केल्यासारख्या. टाळ्या झाल्या. मी जवळ जाऊन हळू विचारलं, आणि ते दुसरं? तिने कागद वहीत सरकवला.

"नको मॅडम. हासतीन."

मी म्हटलं, का हसतील? आपण सगळे आपल्याच बोलीत तर लिहितोय. ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, उद्धटपणाने तर नाहीच. एखाद्याने चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधावा आणि आपण त्याच्याकडे बघावं, तसं.

सुटताना ती आली, घडी घातलेला कागद माझ्या हातात कोंबला आणि पळाली. मी तो एसटीत उघडला. बस खड्ड्यांतून जात होती, अक्षरं नाचत होती.

*मायना बोटले बोंड लागनं.*
*रंगत निंघनं.*
*माय बोलनी, काही नई व्हयनं.*
*कापूसले डाग नई लागाले जोयजे.*

एवढंच. आईच्या बोटाला बोंड लागलं, रक्त निघालं, आई म्हणाली काही झालं नाही, कापसाला डाग लागायला नको. खाली पेन्सिलने एक हात काढला होता, अंगठा चुकीच्या बाजूला.

माझ्या बाजूला एक म्हातारे बाबा कोथिंबिरीची जुडी मांडीवर घेऊन बसले होते. मी रडते आहे हे बघून त्यांनी विचारलं, "काय व्हयनं बेटा?" मी म्हटलं, काही नई व्हयनं. बोलल्यावर कळलं की मी काय बोलले ते.

ही कविता त्या वर्गात वाचली असती तर पोरं नक्की हसली असती. पहिल्याच शब्दाला. कारण तासाभरापूर्वी मी त्यांना शिकवलं होतं की आपल्या बोलीत 'माय' हा शब्द आला की हसायचं असतं. फक्त त्यांनाच नाही. सात वर्षं, गणपतीपासून सुरतेपर्यंत. बोली वाचवतो म्हणून माझे सत्कार झालेत. त्या शाली घरात आहेत.

घरी येऊन मला वाहरू सोनवणे आठवले. शहाद्याकडचे आदिवासी कवी, चळवळीतले. 'स्टेज' नावाची त्यांची कविता आहे. त्यात आदिवासी खाली जमिनीवर बसलेले, आणि स्टेजवर चढलेले लोक त्यांना त्यांचंच दुःख सांगताहेत. ती मी कॉलेजात असताना वाचली होती, कविसंमेलनांत तिचा उल्लेखही करत आले. दर वेळी मी स्वतःला खाली बसलेल्यांत धरत होते.

असं वाटल्यावर माणूस जरा नाटकी होतो. मीही झाले. 'माय' बंद, पुन्हा कधी म्हणणार नाही, असं ठरवलं. पुढच्याच महिन्यात भाषा पंधरवड्याचे तीन कार्यक्रम होते. पहिल्या आयोजकाला फोनवर सांगितलं, मायवाली म्हणणार नाही. ते क्षणभर थांबले. "मग... काय म्हणणार?" मग म्हणाले, ठीक आहे, या. पाकिटात ठरल्यापेक्षा हजार कमी निघाले. दुसऱ्यांनी दुसऱ्या कोणाला बोलावलं. तिसऱ्या ठिकाणी मी गेले, गंभीर कविता म्हटल्या, लोकांनी सभ्यपणे ऐकल्या, आणि शेवटी मागून तोच आवाज, "ताई, मायवाली!" आणि मी म्हटली. हो, म्हटली. वीजबिल भरायचं होतं. पण मधेच लय गेली, लिफ्टच्या जागी मी अडखळले, "व माय वं" घशातून निघालंच नाही. लोकांना वाटलं घसा बसलाय. कोणीतरी पाणी आणून दिलं.

हसू वाईट, असं मला अजूनही वाटत नाही. आमच्याकडे मयताच्या घरी दहाव्याला लोक असे किस्से सांगतात की रडणारे हसतात. कानबाई या आमच्या देवीच्या जागरणाच्या रात्री बायका एकमेकींच्या नवऱ्यांवर जे बोलतात ते छापण्यासारखं नसतं. पण तिथे हसणारी आणि जिच्यावर हसतात ती एकाच सतरंजीवर बसलेली असतात, आणि तिला उलट बोलायची सोय असते. माझ्या कवितेतल्या मायला सात मिनिटांत एकही वाक्य तिच्या मनाचं नव्हतं. मीच लिहिली होती, मला माहीत असायला हवं होतं. मुळात मी तिला विचारलंच नव्हतं. किस्सा भावाचा, तोही वॉचमनकडून ऐकलेला.

म्हणून अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी मायला विचारलं.

अखाजीला आमच्याकडे माहेरवाशिणी येतात. आता झोके कमी झालेत, निंबाची झाडंच कमी झालीत, पण मांडे होतात. माय खापरावर मांडा टाकत होती. पुरण भरलेला उंडा हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि उलट्या खापरावर अलगद सोडायचा. माझ्या हातून तो अजून फाटतो. बाहेर ऊन, आत चूल. मी पाट सरकवून बसले आणि म्हटलं, माय, तू पुण्याला लिफ्टमध्ये वर-खाली का करत होतीस?

तिने मांडा उलटला. म्हणाली, इतक्या वर्षांनी काय विचारतेस. मग म्हणाली, "मी घाबरनू नई व्हतू. तठे आरसा व्हता ना."

लिफ्टमध्ये मागच्या बाजूला डोक्यापासून पायांपर्यंत आरसा होता. आमच्या घरी आरसा तळहाताएवढा, खिळ्याला टांगलेला. त्यात एका वेळी कुंकू तरी दिसतं नाहीतर भांग. त्या आरशात ती सगळी दिसली आणि पाठ वळवली तर लुगड्यावर मागे तेलाचा हा एवढा डाग. लोणच्याचा डबा रात्रभर गाडीत तिच्या पाठीशी होता, तो झिरपलेला. वर मजल्यावर सून, सुनेच्या शेजारणी. पहिल्यांदाच घरी जातेय आणि अशी कशी जाऊ? म्हणून तिने दार बंद होऊ दिलं. खाली आली. तिथे माणसं उभी. परत वर. दार बंद असताना जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात पदर थुंकीने ओला करून घासत होती. निघेना. मग तिने लुगडं कमरेशी थोडं फिरवून घेतलं, डाग निरीत दडवला, पदर पुढून दोन्ही खांद्यांवर घेतला आणि आरशात बघितलं. "मंग निंघनू." वॉचमनने काढली नाही. ती स्वतः बाहेर आली. तो फक्त तेव्हा तिथे उभा होता.

"भाऊला सांगितलं नाहीस?"

"त्याले काय सांगू, लुगडाले डाग शे म्हनीसन?"

मी आत जाऊन वही आणली. ती बोलली होती तसंच उतरवत गेले, तिचेच शब्द, ती थांबली तिथे ओळ तोडून. मधे दोनदा तिने मला थांबवलं. एकदा मी 'घाबरत घाबरत' असं लिहिलं होतं ते तिला वाचून दाखवलं तेव्हा, आणि एकदा मांडा जळत होता म्हणून. लिहून झालं तसं मी सगळं मोठ्याने वाचलं. ती चुलीतलं लाकूड मागे ओढत ऐकत होती. हसली नाही. मग हात पदराला पुसले.

"आन् ह्याना कितला पैसा देतीन?"